चौदा घरांची कोंबडी

पोलंडमधल्या एका गिरणीगावचा मालक झेलिन्स्की छाती फुगवून सांगायचा, "अख्ख्या युरोपात माझ्या विणकरांइतकं चांगलंचुंगलं कुणी खात नाही." एकदा सरकारने खरंखोटं बघायला तपासनीस पाठवला. मालक स्वतः त्याला कामगारांच्या चाळीत घेऊन फिरला. चौदा घरं, चौदा चुली आणि प्रत्येक पातेल्यात उकडलेली कोंबडी! तपासनीस खूश झाला.

शेवटचं घर ब्रोन्याचं. कापसाची धूळ छातीत भरून तिचा नवरा आधीच गेला होता, आणि तोंड उघडलं असतं तर तिच्या हातचा मागही गेला असता.

"काय बाई, मजुरी पुरते ना?" तपासनीसाने विचारलं.

"मालकांची कृपा आहे, साहेब," ब्रोन्या म्हणाली. "फक्त या कोंबडीची दया येते. सकाळपासून चालून चालून दमली बिचारी."

तिने कोंबडी पातेल्यातून वर काढली. पायाला सुताच्या गाठी होत्या. साहेब एका घरातून निघाला की मालकाचा माणूस मागच्या दाराने तीच कोंबडी शेजारी पोचवत होता, आणि प्रत्येक घराने गुपचूप आपली एक गाठ मारली होती. तपासनीसाने गाठी मोजल्या. चौदा भरल्या.

"मग ही खाणार कोण?" त्याने विचारलं.

"दुपारचं जेवण मालकांकडेच आहे ना तुमचं?" ब्रोन्या म्हणाली. "तुम्हीच, साहेब."

तपासनीस त्या दिवशी जेवला नाही. चौदा घरंही जेवली नाहीत, पण त्यांना सवय होती.