चौथीबाईनं खरं सांगितलं

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा घड्याळं नव्हती. भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडाली की एक घटका झाली, असं मोजायचे. त्या दिवशी उजाडल्यापासूनची सतरावी वाटी बुडाली, आणि त्याच घटकेला हे सगळं सुरू झालं.

डोंगराच्या पायथ्याला राजानं दुखणाईतांसाठी एक घर बांधलं होतं. त्या घराच्या अंगणात एक चार वर्षांची पोर दगडावर पडली. गुडघा फुटला. पोर आईला हाका मारायला लागली. आई आतच होती. तिनं हाक ऐकली, ती उठली पण. पण तिचे पाय अंगणाकडे वळले नाहीत. ते कोपऱ्यातल्या मडक्याकडे वळले. मडक्यात बोट बुडवून जिभेला लावून झालं, मग ती पोरीकडे गेली.

गुडघा धुताना तिच्या ध्यानात आलं, आपण काय केलं ते. मग तिच्याच्यानं पोरीच्या तोंडाकडे बघवेना.

त्या घरात आठ ओवऱ्या होत्या आणि आठ बाया. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. चौथी ओवरी सांभाळणारी ती चौथीबाई, पाचवी सांभाळणारी ती पाचवीबाई. पोरीची आई म्हणजे चौथीबाई.

ज्याच्या वेदना फार, त्याला तिथं अफूचं पाणी देत. आणि त्या घराचा एक नियम होता, त्याचं सगळ्यांना मोठं कौतुक. पाणी आधी बाईनं चाखायचं, मग दुखणाईताला पाजायचं. जीभ नुसती कडवट झाली तर पाणी बरोबर. जिभेचं टोक बधिर झालं तर पाणी कडक, ते ओतून द्यायचं. बाईनं स्वतः घेतलं म्हणजे आपल्याला भीती नाही, असा दुखणाईताला धीर वाटायचा.

नियम चांगल्या मनानंच केलेला होता. पण एका ओवरीत बारा खाटा, ज्याला ज्याला पाणी द्यायचं त्याचं दिवसातून तीनदा चाखायचं, आणि चौथीबाईला तिथं सहा वर्षं झाली होती. पोर पोटात होती तेव्हाही ती चाखतच होती. याचा विचार कुणी केलाच नव्हता.

संध्याकाळी ती पाचवीबाईजवळ जाऊन बसली. पाचवीबाई वयानं मोठी, तोंडानं फटकळ, पण चौथीबाईच्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेली.

"अक्का, मला त्या पाण्यावाचून राहवत नाही. वेळ टळली की जांभया येतात, नाक गळतं, पाय ओढतात. आज पोर रडत होती आणि मी मडक्याकडे गेले."

पाचवीबाई चिंध्यांच्या पट्ट्या गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? माझे पाय काय नाचतात होय? आठही जणींचं तेच आहे बाई. पहिलीबाई तर मडकं डोळ्यांनीच पिते."

"मग आपण सांगू या ना वैद्यबुवांना."

"तू सांग. मी म्हातारपणी कुठं जाऊ?"

चौथीबाईला मात्र धीर होता. कारण दर पुनवेला वैद्यबुवा अंगणात उभे राहून सांगायचे, "दुखणं लपवू नका. या घरात सांगणाऱ्याला कुणी रागवत नाही." तिला वाटलं, हेही दुखणंच आहे. आणि पोरीचा फुटलेला गुडघा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं.

वैद्यबुवा वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला पाट दिला, सगळं ऐकून घेतलं.  "मी आपण होऊन आले, बुवा," ती म्हणाली. "मला बरं व्हायचंय. आणि माझं काम मला परत हवंय. दुसरं मला काही येत नाही."

"बरी होऊन ये," ते म्हणाले. "मग बघू."

ती आईच्या गावी गेली. पहिले आठ दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत. अंगावर काटा, पोटात पीळ, डोळ्याला डोळा नाही. पोर दाराआडून बघायची आणि आजीला विचारायची, "आई मरतीय का?" आजी म्हणायची, "नाही गं, आई परत येतीय." अडीच महिन्यांनी चौथीबाई भाकरी खाऊन शांत झोपली. सकाळी उठून तिनं पोरीची वेणी घातली. वेणी सरळ आली.

ती परत आली तेव्हा वैद्यबुवांनी सगळं सांगून ठेवलं होतं, आणि घराचा कारभार बघणारे पंच अंगणात बसले होते.

पंचांचं म्हणणं असं पडलं, की घराचं नाव खराब होता कामा नये. या बाईनं कुठल्याही दुखणाईताला पुन्हा हात लावायचा नाही. तिनं ओढ्यावर ओवऱ्यांची फडकी धुवावीत. आणि आसपासच्या गावांत दवंडी द्यावी, म्हणजे लोक सावध राहतील.

चौथीबाईनं हात जोडले. "मी बरी झाले आहे. हवी तितकी परीक्षा घ्या. निदान तो चाखायचा नियम तरी बंद करा."

"आमच्या आजोबांनी घातलेला नियम आहे," एक पंच म्हणाले. "नियमात खोट नाही. खोट तुझ्या जिभेत."

वैद्यबुवा खाली बघत राहिले. मग पंचांनी बाकीच्या सात जणींना ओळीनं उभं केलं आणि विचारलं, "अजून कुणाला ही सवय आहे का?"

सहा जणींनी नाही म्हणून माना हलवल्या. पाचवीबाईचं तर नाक गळत होतं. तिनं पदरानं पुसलं आणि म्हणाली, "नाही."

दवंडी फिरली. चौथीबाई बाजारात गेली की लोक पोरांना जवळ ओढायचे. "अफूबाई आली, झोपाल नाही तर," असं म्हणून हसायचे. तिची पोर खेळायला गेली की बाकीच्या पोरी घरी जायच्या. चौथी ओवरी दुसऱ्या बाईकडे गेली, तेव्हा चौथीबाई हे नावही गेलं. ओढ्यावर तिला हाक मारायची झाली तर लोक नुसतं "अगं ए" म्हणायचे.

वर्ष गेलं. परमुलखातून नवी अफू आली. ती फार कडक होती. पाणी नेहमीच्याच मापानं बनलं.

पाचवीबाईनं ते चाखलं. रोज दहा वेळा, पंधरा वेळा चाखून निबर झालेली ती जीभ. तिला काहीच वेगळं लागलं नाही. तिनं ते एका भाजलेल्या तरुण बाईला पाजलं. हात भाजला होता, रात्री अजून ठणकायचा, पण बरी होत आली होती, दुसऱ्या दिवशी घरी जायची होती. तिचं तान्हं मूल तिच्या कुशीतच होतं. मूल सकाळी जागं होऊन रडायला लागलं, आई उठली नाही.

धुवायला आलेल्या फडक्यांबरोबर पाचवीबाई स्वतः ओढ्यावर आली. पाण्यात पाय सोडून बसली.

"जिभेला कळलंच नाही गं," ती म्हणाली.

"अक्का, त्या दिवशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस? बरी झाली असतीस."

"सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण तुझं काय केलं ते समोर बघत होते ना मी."

मग पाचवीबाईनं विचारलं, "आता जाऊन सांगू का?"

सांग, असं चौथीबाईच्या ओठांवर आलं होतं. पण तिला आपल्या पोरीचं रिकामं अंगण दिसलं, बाजारातलं हसणं ऐकू आलं. पाचवीबाईला तर म्हातारपणी जायला आईचं गावही नव्हतं.  चौथीबाई फडकं दगडावर आपटत राहिली.

पाचवीबाई वाट बघून उठली. संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली होती. ती परत गेली, आणि ओतून दिलं तर का ते सांगावं लागेल म्हणून तेच पाणी पुन्हा चाखायला लागली.

त्या मडक्यातलं पाणी संपेपर्यंत आणखी चार माणसं झोपेतच गेली. मग लोक तिथं यायचेच बंद झाले. मोडलेली, भाजलेली माणसं आपापल्या घरी कण्हत पडू लागली. वैद्यबुवा रोज आठ बायांना उभं करून विचारायचे, "कुणाला काही सांगायचंय का?" आणि रोज आठही जणी जमिनीकडे बघायच्या.

तात्पर्य : खरं सांगायला आलेल्याला जो शिक्षा करतो, तो बाकीच्या सगळ्यांना लपवायला शिकवतो.

तुमच्या घरी, शेजारी, कुणाच्या हाताखाली चार माणसं असतील तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. आणि ज्यांना ती सांगाल, त्यांनाही म्हणावं, पुढं सांगा.