अकरावी मोहर

फार पूर्वी डोंगरउतारावरच्या एका गावात एक राखणदार राहत असे. राजाने त्याला तिथे नेमले होते, ते गावाचा संशय घेण्यासाठीच.

त्याचे कारण असे. एकदा राजा त्या रानात शिकारीला आला असताना जवळच कुठेतरी एक बार उडाला. गोळी कोणाला लागली नाही. ती कोणासाठी होती, हेही कधी कळले नाही. पण राजाच्या मनात भीती बसली ती बसलीच. राजधानीला परतताच त्याने हुकूम काढला. या रानातले जनावर यापुढे फक्त राजाने मारायचे. गावात अकरा घरी ठासणीच्या बंदुका होत्या; त्या प्रत्येकीचा घोडा सुताने बांधून त्यावर राजाची सिंहाच्या चित्राची लाखेची मोहर लावायची. जो मोहर फोडेल, त्याने एक पूर्ण हंगाम गावाच्या शिवेबाहेर काढायचा. या मोहरा तपासून दर महिन्याला राजधानीला कागद पाठवणे, हे राखणदाराचे काम.

राजा वर्षातून एकदा येई, दोन-चार रानडुकरे मारी आणि परत जाई. बाकीची डुकरे वर्षभर गावाच्या वाट्याला येत. नाचणीची कणसे भरू लागली, की कळपच्या कळप शेतांत उतरे आणि सकाळी तिथे नांगरल्यासारखी माती दिसे.

राखणदार नजरेचा तीक्ष्ण होता. दुसऱ्याच महिन्यात त्याच्या लक्षात आले, की पाटलाच्या बंदुकीवरची लाख जरा जास्तच लाल आहे. राजाची लाख काळपट असे. ही गावातल्याच पळसावरची होती. मोहरेवरच्या सिंहाचे शेपूटही थोडे आखूड झाले होते. मग त्याने इतर बंदुका नीट पाहिल्या. चौथ्या महिन्यापर्यंत आखूड शेपटीचे सिंह दहा झाले.

त्याला आणखीही एक गोष्ट कळली. घरात डुक्कर शिजत असले, की चुलीच्या निखाऱ्यांवर मुद्दाम सुकट भाजली जाई, म्हणजे दुसरा वास झाकला जाई. सुकटीचा वास आला, की राखणदार मनात त्या घरावर खूण करी.

मात्र कागदावर त्याने यातले काहीच लिहिले नाही. हुकूम अन्यायाचा आहे, हे त्याला पटले होते. आपण डोळेझाक करतो ती दयेपोटी, असे तो स्वतःला सांगे. ते काही अंशी खरेही होते. पण पहिला कागद खोटा गेल्यावर दुसरा खरा पाठवायचा म्हणजे पहिल्याचा जाब द्यावा लागणार, ही भीतीही त्यात होती. त्यामुळे सलग तीन वर्षे त्याने एकच ओळ लिहिली: ‘अकराही मोहरा शाबूत.’

या चोरट्या सवलतीचा गावावर झालेला परिणाम मात्र त्याला उशिरा दिसला. हुकुमापूर्वी बंदूकवाले पाळी लावून सगळ्या शिवाराची राखण करत आणि जनावर पडले, की घरटी वाटा जाई. आता प्रत्येक जण चोरून फक्त स्वतःचे शेत राखी आणि दार लावून खाई. शेजारी चहाडी करील, असे शेजाऱ्याला वाटे. पाण्यावर भेटलेल्या बायकासुद्धा आधी मागे वळून पाहत आणि मग बोलत. पिटाळलेला कळप या शेतातून त्या शेतात जाई आणि शेवटी जिथे बार उडत नसे, तिथे ठाण मांडी.

असे शेत एकच होते. ते गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवेचे. तिच्या घरी बापाची बंदूक होती आणि ती चालवायलाही बापानेच शिकवले होते. पण तिच्या मोहरेवरचा सिंह पूर्ण शेपटीचा होता. हुकूम तिलाही मान्य नव्हता. फक्त लपून काही करणे तिला जमत नसे. राजाकडे अर्ज करा म्हणून ती तीनदा पाटलाकडे गेली होती.

“आक्का,” पाटील म्हणाला होता, “अर्ज केला की चौकशी येते. ज्याचं त्याचं बरं चाललंय. तू कशाला गवगवा करतेस?”

“ज्याचं त्याचं चाललंय, बाबा. माझं नाही चाललं.”

पहिल्या वर्षी तिचे अर्धे पीक गेले, दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त. तिसऱ्या वर्षी तिने कंदमुळांवर दिवस काढले आणि पोटाला चिमटा घेऊन बियाणे राखले. यंदाची नाचणी गेली असती, तर पुढे पेरायलाही काही उरले नसते.

एके दिवशी सकाळी ती बंदूक आणि वरवंटा घेऊन चावडीवर आली. राखणदार तिथेच बसला होता. पाटील आणि आणखी चार-सहा जण होते.

“राखणदारदादा, माझी मोहर नीट बघून घ्या,” ती म्हणाली.

राखणदाराने पाहिली. लाख काळपट होती, तिच्यावर तीन वर्षांची धूळ होती. “शाबूत आहे,” तो म्हणाला.

“मग आता नाही,” असे म्हणून तिने बंदूक पायरीवर आडवी ठेवली आणि वरवंट्याच्या एका घावात मोहर फोडली. “आज तिन्हीसांजेला कळप माझ्या शेतात उतरेल. मी बार काढणार आहे. हुकूम वाईट आहे म्हणून मोडतेय, आणि मोडतेय ते सगळ्यांसमोर. तुमच्या कागदात लिहा.”

राखणदाराच्या मनात पहिला विचार आला, की हा सापळा आहे. पाटलाने हिला पुढे केले असावे. आपण गप्प बसलो, तर उद्या हेच लोक आपल्याला पकडून देतील. त्याने पाटलाकडे पाहिले. पाटील पांढराफटक पडला होता.

“आक्का, शहाणी की खुळी तू?” पाटील हळू आवाजात म्हणाला. “घरात फोडली असतीस तर कोणाला कळलं असतं? लाख मी दिली असती.”

“तुमच्याकडे लाख पुष्कळ असेल, पाटीलबाबा. सुकटही पुष्कळ लागते तुमच्या घरी.”

कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. राखणदाराला त्या क्षणी कळले, की हा सापळा नाही. या चावडीवर फक्त ही एकच बाई काही लपवत नाही.

तिन्हीसांजेला कळप उतरला. तिने एकच बार काढला. एक डुक्कर पडले, बाकीचा कळप पांगला. दुसऱ्या दिवशी ती आणि राखणदार राजधानीच्या वाटेला लागले.

राजाने सगळे ऐकून घेतले. त्याच्या आवाजात राग होता आणि रागापेक्षा संशय अधिक होता.

“तीन वर्षं मला कागद येताहेत,” तो म्हणाला. “अकराही मोहरा शाबूत. कोणाची तक्रार नाही. म्हणजे हुकूम गावाला मानवला होता. मग हिलाच काय झालं? हिला कोणी शिकवून पाठवलं?”

राखणदाराच्या जिभेवर सोपे उत्तर तयार होते. बाई एकटी आहे, पिकासाठी वेडीपिशी झाली आहे, असे सांगितले, की प्रकरण तिथेच मिटणार होते. त्याची नोकरी राहणार होती, गावही सुखरूप राहणार होते. आणि हुकूमही राहणार होता. 

“महाराज,” तो म्हणाला, “मोहरा शाबूत नव्हत्या. गावच्याच लाल लाखेने पुन्हा लावलेल्या होत्या. अकरापैकी दहा. तीन वर्षं खरी मोहर एकच होती, ती या बाईची. मला सगळं ठाऊक होतं आणि मी खोटं लिहीत आलो. हुकूम गावाला मानवला नाही, महाराज. तुम्हाला तसं वाटावं, एवढी सोय आम्ही सगळ्यांनी मिळून केली.”

राजाने बाईकडे पाहिले.

“शिक्षा काय आहे, हे तुला ठाऊक होतं?”

“ठाऊक होतं. म्हणून तर पिकाची राखण आधी केली आणि मग आले.”

ज्या बंदुकांना राजा भीत होता, त्या तीन वर्षे मोकळ्याच होत्या आणि त्यांतली एकही त्याच्यावर रोखली गेली नव्हती. रागवावे तरी कोणत्या तोंडाने, असा प्रश्न त्याला पडला असावा. अखेर त्याने सांगितले, की मोहरा काढाव्यात. बंदूक कोणाच्या घरी आहे, याची नोंद चावडीवर उघड असावी. उभ्या पिकात उतरलेले जनावर मारावे. रानात शिरून मात्र कोणी बार काढू नये, कारण रान गावाचेही नाही आणि राजाचेही नाही.

“पण तू मोहर फोडलीस, त्या दिवशी जुना हुकूम होता,” तो बाईला म्हणाला. “त्या दहा जणांविरुद्ध माझ्याकडे लाखेच्या रंगाखेरीज पुरावा नाही. तुझ्याविरुद्ध पुरावा तू स्वतः आहेस.”

“होय,” ती म्हणाली. “हंगामभर मी शिवेबाहेर राहीन.”

राखणदाराची नोकरी त्याच दिवशी गेली. शेवटचे काम म्हणून त्याने तिला गावच्या शिवेवरच्या नदीपलीकडे पोहोचवायचे होते. वाटेत चावडीवर थांबून त्याने नवा हुकूम वाचून दाखवला आणि दरबारात आपण काय कबूल केले, तेही सांगितले. पाटील म्हणाला, “गुपचूप चाललं होतं, ते बरं होतं. आता पंचक्रोशीत तोंड दाखवायची सोय नाही.”

पलीकडच्या काठावर तिने झोपडी घातली. राखणदार तिला सरपण आणून देत होता, पण त्याचे लक्ष तिच्या शेताकडे होते. नाचणी अजून कापायची होती. आपले शेत वाचवायला लोक धावतील. हिच्या शेतासाठी कोण येणार? तीन वर्षांत कोणी आले नव्हते. बाईला तो हे बोलला नाही, पण तीही तिकडेच पाहत होती.

दिवस कलला. डोंगराकडून कळप उतरताना दिसला. तो पाटलाच्या शेताला वळसा घालून थेट तिच्या बांधाशी आला आणि आत शिरला. राखणदाराने मान खाली घातली.

तेवढ्यात तिच्या शेतातून एक बार उडाला. कळप उधळून रानाकडे पळाला. बांधावर माणसे उभी राहिलेली दिसली; एक, तीन, मग पुष्कळ.

“कोणी काढला असेल?” राखणदाराने विचारले. विचारण्याची सवय त्याची अजून गेली नव्हती.

“पाटलांनी,” ती म्हणाली. “त्यांचा बार नेहमी असाच उशिरा निघतो.”

तात्पर्य: न पटणारा प्रत्येक कायदा अन्यायाचा असतो असे नाही, पण जो खरोखर अन्यायाचा आहे, तो लपून मोडल्याने फक्त आपली सोय होते आणि कायदा तसाच राहतो. तो मोडायची वेळ आलीच, तर उजेडात मोडावा आणि त्याची झळ स्वतः सोसावी.