घूसबाईंची मोरी

फार जुनी गोष्ट. शेताच्या बांधाखाली उंदीर-घुशींचं एक दाट वस्तीचं शहर होतं आणि घूसबाई तिथल्या महापौर होत्या. बोलायला फटकळ, कामाला वाघ. पाटाचं पाणी कधीतरी शहरात शिरणार, म्हणून त्यांनी मोठी मोरी खणायला घेतली. वाटेत चिचुंद्रीची बाळंतिणीची खोली आली.

"बाई, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत तरी थांबा," चिचुंद्रीने हात जोडले.

घूसबाई थांबल्या नाहीत. मोरी पुरी झाली, पण पिल्लं उघड्यावर पडली. शहर खवळलं आणि बाईंना पदावरून खाली ओढलं. त्यांच्या दारावरून जाताना उंदीर थुंकायचे.

वर्षभराने पाट फुटला. पाणी धो धो आलं आणि मोरीतून निघून गेलं. एकाचंही शेपूट भिजलं नाही. तरी बाईंकडे कुणी फिरकलं नाही. आली ती एकटी चिचुंद्री.

"माझी पिल्लं आज कोरडी आहेत, ती तुमच्यामुळे," ती दारातूनच म्हणाली. "पण तो दिवस मी विसरले नाही."

"विसरू नकोस," घूसबाई म्हणाल्या. "पाणी यायला वर्ष लागलं गं. मला चार दिवस थांबता आलं असतं."

तेव्हा कुठे चिचुंद्री उंबरा ओलांडून आत आली.