स्पर्धेची तारीख

डॉ. शुभदा वर्टीकर नाशिकमध्ये बरे न होणाऱ्या रुग्णांसाठी शुश्रूषा केंद्र चालवायच्या. नर्सला गावोगावी नेणारी गाडी हवी होती; तिच्यासाठी पैसे उभे करायला त्यांनी गोल्फ स्पर्धा भरवायचं ठरवलं. गाडी आली की केंद्रातल्या रुग्ण पारूबाई गांगुर्डेंना शेवटचे दिवस गिरणारे गावात, स्वतःच्या घरी काढता येणार होते.

मैदान मात्र गोल्फ क्लबचे अध्यक्ष सरपोतदार यांच्या हातात. क्लबच्या समितीच्या पहिल्या बैठकीत त्यांना गवत विरळ वाटलं, म्हणून तारीख पुढे गेली. दुसऱ्या वेळी त्यांच्या नव्या स्टिक परदेशातून यायच्या होत्या. शुभदाताई भिडेपोटी मान डोलवत राहिल्या.

तिसऱ्या बैठकीत सरपोतदार म्हणाले, "माझं मनगट दुखतंय. दिवाळीनंतर बघू. एवढी कसली घाई, डॉक्टर?"

"मला काहीच घाई नाही," शुभदाताई म्हणाल्या. "फक्त एकदा केंद्रात येऊन आमच्या रुग्णांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. माझं ते ऐकत नाहीत. तुमचा शब्द कोण मोडणार?"

सगळी समिती खाली बघू लागली. सरपोतदारांनी मुकाट्यानं त्याच महिन्यातली तारीख दिली.

स्पर्धा झाली, गाडीही आली. पण तोवर पारूबाई केंद्रातल्या खाटेवरच गेल्या होत्या. लोक आजही त्या उत्तराचं कौतुक करतात. शुभदाताईंना मात्र ते ऐकवत नाही. हेच आपण पहिल्या बैठकीत का बोललो नाही, हा प्रश्न त्यांची पाठ सोडत नाही.