हौसाची केळ

एक होता राजा. राज्य मोठं, राजवाडा मोठा, मिशा तर त्याहून मोठ्या. धीर तेवढा नव्हता. कुठल्याही गोष्टीच्या पोटात काय चाललंय, ते त्याला लगेच बघायला हवं असायचं. लोक पुढून त्याला महाराज म्हणायचे आणि मागून उतावळा राजा.

एकदा लांडोरीनं अंडं घातलं. राजाला मोर हवा होता. दोन-तीन दिवस कसेबसे काढले, मग फोडलंच. आत काय, तर दाण्याएवढा लाल ठिपका, धक् धक् करणारा. पिल्लू घडतं ना, तेव्हा काळीज आधी कामाला लागतं, बरं का. चोच, पंख, पिसारा सगळं मागाहून. पण राजा म्हणाला, "यात मोर नाही," आणि दिलं टाकून. मग त्यानं तळ्यातली कमळाची कळी सोलली. पाकळ्या होत्या, पण फिक्या, चुरगळलेल्या, रंग भरायचा राहिलेल्या. "यात कमळ नाही." अशानं त्या राजवाड्यात ना कधी फूल फुललं, ना पिल्लू किलबिललं.

त्या घरात सून आली. नाव हौसा, पण बोलणं अगदी बेताचं. पाठवणीच्या वेळी आईनं तिच्या हातात केळीचं एक पिल्लू दिलं होतं. खाली कांदा, वर पानाची एक सुरळी. आई म्हणाली होती, "बाकीच्या झाडांचं फूल शेंड्याला धरतं. हिचं घडतं खाली, मातीतल्या कांद्यात. मग आतल्या आत वर चढतं. दिसायचं नाही कुणाला. तू आपली कान लावत जा. आणि मध्येच कापलीस, तर गेली ती."

हौसानं ते मागच्या अंगणात लावलं. सासूबाई म्हणाल्या, "दागिने जेमतेम, आणि वर हा पाचोळा." हौसानं ते ऐकलं आणि जपून ठेवलं. नवरा भला होता, पण वडलांसमोर बोलायची वेळ आली, की त्याला नेमका खोकला यायचा.

केळ वाढायला लागली. सुरळी वर यायची, उलगडायची, की तिच्या पोटातून दुसरी. राजा रोज बघून जायचा. नुसती पानं. मग एक दिवस कोयता घेऊनच आला.

"सूनबाई, हिच्या पोटात काही आहे की नाही, बघू दे आज."

हौसानं खोडाला कान लावला. आतून बारीक आवाज आला, "गुडघ्याशी आलेय गं."

"मामंजी," हौसा म्हणाली, "कोयता आणलाच आहे तर पान कापा एक. आज त्यावरच वाढते तुम्हाला."

हिरव्यागार पानावर गरम भात, वर तूप. राजा पोटभर जेवला आणि कशाला आलो होतो ते विसरला.

मग काही दिवसांनी पुन्हा आला. हौसानं कान लावला. "कमरेशी आलेय गं."

"मामंजी, वन्संच्या बाळाच्या पाळण्याला दोरी वळायचीय. खोडावरची वाळलेली सोपटं तेवढी काढून देता? वाळलेलीच हं."

राजा सोलत बसला. सोपटाखाली सोपट, त्याखाली आणखी सोपट. दिवस मावळला, राजाचे हात भरून आले. "अगं, हिला खोडच नाही. पानांचेच बुडखे गुंडाळलेत एकावर एक," असं कुरकुरत तो गेला.

मग एके दिवशी केळीला पान आलं ते वीतभरच. सासूबाई म्हणाल्या, "संपली हो हिची केळ." सगळा राजवाडा अंगणात जमला. राजानं कोयता उचलला. नवऱ्याला खोकला आला. हौसानं घाईनं कान लावला.

"गळ्याशी आलेय गं. हे धाकटं पान पुढं पाठवलंय, उन्हात माझ्यावर धरायला."

आता मात्र हौसाजवळची निमित्तं संपली होती. ती सरळ केळीच्या पुढं उभी राहिली. मान खाली नाही, डोळे खाली नाहीत.

"मामंजी, आजवर तुम्ही पोटं फोडून बघितलीत. एकदा कान लावून बघा. काही ऐकू नाही आलं, तर कोयता मी स्वतः चालवीन."

राजानं कान लावला. आधी त्याला आपलाच श्वास ऐकू आला. मग पाणी चढल्याचा आवाज आला, सर सर. आणि मग अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं, "घाई करू नका हो. येतेच आहे."

राजाच्या हातचा कोयता गळून पडला. तो तिथंच केळीला टेकून बसला. जन्मात पहिल्यांदा राजा थांबला, बरं का.

आणि आलं की केळफूल. मोठं, लालजांभळं, मिटलेलं, मान वाकवून राजाच्या डोक्यावर. राजाचा हात सवयीनं वर गेला. सगळ्यांनी श्वास रोखला. हात तिथंच थबकला, आणि राजानं तो गुपचूप शेल्यात घातला.

"तिचं तिला उघडू दे," राजा म्हणाला.

सकाळी पहिलं लाल पातं आपोआप उचललं गेलं. मधाचा थेंब राजाच्या मिशीवर पडला. पात्याच्या आड हिरव्या इवल्या बोटांची ओळ होती. राजानं आपला पंजा शेजारी धरून बघितला.

"बोटं आहेत गं सूनबाई," तो हळूच म्हणाला. "पुरती घडलेली."

मग पात्यामागून पातं उघडलं आणि हा एवढा घड लोंबला. सासूबाई गावभर सांगत सुटल्या, "आमच्या सुनेच्या माहेरची केळ आहे म्हटलं." हौसाला पाचोळा आठवला. ती पदराआड हसली. पहिली फणी तिच्या आईकडे गेली, हत्तीवरून, आणि नवरा खोकल्याशिवाय सांगत गेला की ही कुणाची. हौसा मात्र त्या दिवसापासून राजवाड्यात मान ताठ ठेवून चालायची. पुढं तिथं कमळं फुलली, मोर नाचले, सगळी सुखानं नांदली.

आता मिटा डोळे. तुमचीही हाडं रात्रीच लांबतात, आतल्या आत, आणि कुणी फोडून बघत नाही. बघायचंच असेल तर उशीला कान लावा. हं, असं. ऐकू येतंय ना धक् धक्? मग झोपा.