मिठाची साय

"पण नाना, चेंडू हातात कधी देणार?"

हिराजीनानांनी मान वळवली नाही. ते वाफ्यातल्या पाण्याकडे बघत होते.

पेणजवळच्या मिठागरावर दुपार पसरली होती. वारा पडला होता. वाफ्यावाफ्यात आभाळ उतरलेलं, त्यामुळे वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, तेच चैतन्यला कळेनासं झालं होतं.

"आलं बग," नाना हळूच म्हणाले.

पाण्यावर पांढरी, पातळ साय धरत होती. मिठाची.

"आता धाव. साय फुटाया नको."

"अहो, पण चेंडू..."

नानांनी नुसतं बांधाकडे बोट दाखवलं.

चैतन्य मोकल म्हणजे तालुक्यातला सगळ्यात वेगवान गोलंदाज. वेग त्याला देवानं दिला होता, राग मात्र त्यानं स्वतः कमावला होता. गेल्या अंतिम सामन्यात समोरच्या संघाच्या सर्वांत मोठ्या फलंदाजाचा त्यानं त्रिफळा उडवला, पोरं नाचायला लागली, आणि पंचांचा हात आडवा झाला. नोबॉल! पाय रेघेच्या पुढे पडला होता. तोंडाशी आलेला घास गेला, सामनाही गेला.

येत्या रविवारी जिल्ह्याची निवड होती. कप्तानानं बजावलं होतं, "पुन्हा पाय पुढे गेला, तर घरी बस."

म्हणून तो नानांकडे आला. म्हातारा आता मीठ ओढायचा, पण उमेदीत असा गोलंदाज होता म्हणे, की पंच त्याच्या पायाकडे बघायचेच नाहीत.

नानांनी त्याला चपला काढायला लावल्या. दोन वाफ्यांमधला मातीचा लांबलचक बांध दाखवला आणि त्यावर चुन्याची आडवी रेघ मारली. इथवर धावायचं, रिकामा हात फिरवायचा. बस.

अठरा दिवस झाले. चैतन्य धावला की बांध हादरायचा, पाणी शहारायचं, साय तडकून तळाला जायची.

नाना रोज एकच शब्द बोलायचे.

"फुटली."

त्या मंगळवारीही तेच झालं. आणि चैतन्यचं डोकं फिरलं.

"मला रविवारी मीठ पिकवायचं नाहीये, नाना!"

त्यानं खिशातून चेंडू काढला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! बांधाच्या टोकाला एक रिकामा डबा होता, त्यावर नजर रोखून तो सुसाट सुटला. चेंडू असा गेला की डबा खणखणत उडाला.

पण पाय रेघेच्या वीतभर पुढे पडला होता. तोल गेला आणि तालुक्याचा वेगवान गोलंदाज धपकन वाफ्यात.

आठ दिवस धरत आलेलं मीठ चिखलानं काळं झालं.

नानांनी एक हात आडवा केला. पंच करतात तसा.

चैतन्यला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा ओरडला असता तरी बरं वाटलं असतं.

"नाना... चुकलो."

"शेवटचा पाऊल तू टाकत नाय, पोरा. तुजा राग टाकतं."

बुधवारी चैतन्य धावला नाही. त्यानं नानांबरोबर वाफ्यातला चिखल उपसला, नवं पाणी घेतलं. गुरुवारी नुसता शेजारच्या वाफ्याच्या कडेला बसून राहिला. साय कशी धरते ते त्यानं पहिल्यांदा पाहिलं. आधी एक कण. मग त्याच्या शेजारी दुसरा. कुणालाच घाई नव्हती. बघता बघता त्याचे डोळे जड झाले, आणि आपण पाण्यावरच बसलोय असं त्याला वाटत राहिलं.

शुक्रवारीही तो तसाच बसला.

शनिवारी वारा पडला. साय धरली. चैतन्यनं या वेळी चेंडूचं विचारलं नाही. तो उठला आणि धावू लागला.

पावलांचा आवाज येत नव्हता. दोन्ही अंगांना आभाळ होतं आणि मधून तो चालला होता. वेग कमी नव्हता, उलट वाढला असावा, पण धावतंय कोण हे त्याला नीट सांगता आलं नसतं. हात फिरला. पाऊल पडलं.

त्यानं खाली पाहिलं. रेघ अंगठ्याच्या बोटभर पुढे होती. आणि शेजारी, काठाला लागून, साय अखंड.

"नाना!" त्यानं आनंदानं उडी मारली. "नाही फुटली!"

बांध हादरला. साय तडकली आणि तळाला गेली.

"फुटली," नाना म्हणाले, आणि खुदकन हसले.

चैतन्यही हसला. पण थोड्याच वेळानं त्याचा चेहरा उतरला. इतके दिवस मनात दडवलेली भीती ओठांवर आली.

"नाना, उद्या मैदानात कुठलं पाणी आणि कुठली साय? तिथं नुसती माती असणार."

नाना वाकले. बांधावरची चिमूटभर माती त्यांनी उचलली आणि त्याच्या तळहातावर अलगद ठेवली.

"मातीवर पन साय धरतं रं, मन निवलं का..."