गेणूने जीपला तेल घातलं

"आली ना जीप तुमच्या दारात? मग पोरगी द्या!"

"आली म्हणून काय झालं? वास घ्या तिचा! माझी दिवस भरत आलेली सून असल्या डब्यात बसायची न्हाई!"

"खोबरेलाचा वास हाय त्यो, शेणाचा न्हाई!"

"जीपला खोबरेल? न्हायला काढली व्हती का तिला?"

यावर पोरीच्या आईने, हौसाने, नवऱ्याकडे डोळे वटारून बघितलं. डोळे वटारायची पाळी तिच्यावर रोज यायची, आणि दर वेळी नवऱ्यापायी.

नवरा म्हणजे गेणू. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावाच्या वाट्याला हा भोळा आला होता. आळशी नव्हता, लबाड नव्हता. सांगितलेलं काम करायचा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. तिथेच सगळा घोळ होता.

त्याच्याकडे बापाच्या वेळची जीप होती, चारी चाकांनी ओढणारी. लेक रंजना डोंगरावरच्या वाडीत दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. शिवाय दवाखाना पायथ्याला, वाडीवर नुसता वारा. पण विहीण अनसाबाई फार ताठ. तिने निरोप धाडला, "तुमची जीप माझ्या दारापातूर चढली तर न्या पोरीला. न्हाई तर बाळंतपण हितंच."

त्या वाटेवर बैलसुद्धा थांबून विचार करतो. आणि जीप तर सपाटीवरच कण्हत होती.

मिस्त्रीने जीपखाली डोकावून सांगितलं, "सगळं तेल बदला. आधी गिअरबॉक्स. जुनी गाडी हाय, पातळ तेल घालू नका. जाड बघून घाला."

"बरं," गेणू म्हणाला.

तो दुकानात गेला आणि एकेक डबा कानाशी धरून हलवला. सगळे डबे डुचमळले. पातळ! सगळं पातळ! हात हलवत घरी आला. माघाची थंडी होती. फळीवर खोबरेलाचा डबा होता. उलटा केला, थेंब पडला नाही. झटकला, तरी नाही. यापेक्षा जाड तेल अख्ख्या तालुक्यात नव्हतं. गेणूने ते चमच्याने खरवडलं आणि बोटाने ढकलून ढकलून गिअरबॉक्सात भरलं.

दुपारी ऊन चढलं. तेल वितळलं आणि सांध्यासांध्यातून ठिबकायला लागलं. आळीतल्या बाया नाक वर करून आल्या. "हौसे, आज न्हायलीस का गं?"

हौसाने कपाळाला हात लावला. "अवो, सोताचं डोकं कशापायी चालवता? आत जे व्हतं ना, तस्सं घालायचं!"

"बरं."

आता हौसाने स्वतः दुकानातून चांगलं तेल आणून दिलं आणि ती शेतात गेली. गेणूने मागच्या चाकांमधला लोखंडी गोळा उघडला. चाकं फिरवणारे दाते त्या गोळ्यात असतात. आतून काळंकुट्ट पडलं. त्यात ओढा ओलांडताना शिरलेलं पाणी, आणि दाते झिजून पडलेला लोखंडाचा कीस. मग गेणूने नवं तेल बघितलं. ते मधासारखं.

"हे काय तसं न्हाई," तो म्हणाला.

त्याने तव्याची काजळी खरवडून त्यात घातली. तांब्याभर पाणी घातलं. हौसाचा विळा कानशीने घासून मूठभर कीस पाडला, तोही घातला. ढवळलं, बोट बुडवून बघितलं. तस्संच! समाधानाने गोळा भरून टाकला.

"वळखून दाखव बरं," हौसा आल्यावर तो म्हणाला, "जुनं कंचं आन् नवं कंचं!"

हौसाने विळ्याचं उरलेलं पातं बघितलं. तिचा आवाज चार घरं पलीकडे गेला. "अवो, कोरं तेल लागतं त्येला! शीलबंद डब्यातलं! शील मोडलेला डबा पुन्यांदा जीपपाशी दिसला तर याद राखा!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकांमधल्या गोळ्याची पाळी होती. संध्याकाळी हौसा वाकून बघते तर गोळ्यातलं जुनं तेल सोडलेलं, आणि त्याच्या पोटाला नवा कोरा डबा सुतळीने घट्ट बांधलेला. सील शाबूत.

"आत वतलं न्हाई?"

"वतायचं म्हंजी शील मोडावं लागतं," गेणू समजावणीच्या सुरात म्हणाला.

"मोडा! शील मोडा, वरच्या भोकातनं वता, आन् भायेर यायला लागलं की थांबा!"

"बरं."

जुनं तेल सोडायला काढलेलं खालचं बूच उघडंच होतं. गेणूने वरून ओतलं. ते लगेच खालून बाहेर आलं. गेणू लगेच थांबला. "भरला," त्याने हात पुसले. "लई कमी लागतं बघ याला."

मग मात्र हौसाने पदर खोचला आणि स्वतः जीपखाली शिरली. खोबरेल काढलं, काजळी काढली, सगळं धुतलं, खालची बुचं आवळली. मिस्त्रीला पुन्हा विचारून दोन तऱ्हेचं तेल आणलं. गोळ्यांचं तेल झोंबरं असतं, गिअरबॉक्सातलं पितळ खातं, हे तो बजावून बोलला होता. म्हणून तिने गिअरबॉक्साच्या डब्याला कुंकू लावलं, गोळ्यांच्या डब्याला हळद लावली, आणि ज्याचं त्याला घातलं. उरलेलं वाटेत लागेल म्हणून जीपमध्ये ठेवलं. गेणू जुन्या तेलाची बादली उचलून उभाच होता.

"ही बी घ्यायची?"

"न्हाई! जुन्यात नवं मिसळायचं न्हाई. जुनं हितंच सोडायचं, नवं घिऊन निघायचं. एवढं तरी ध्येनात ठेवा!"

"बरं," गेणू म्हणाला, आणि ध्यानात ठेवलं.

जीप निघाली. चारी चाकं लागली. जिथे बैल विचार करतो तिथे जीपने विचारसुद्धा केला नाही. धूळ उडवत अनसाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. फक्त सांदीकोपऱ्यात मुरलेल्या खोबरेलाचा वास काही गेला नव्हता, आणि अनसाबाईने नेमका तोच धरला होता.

"बोला की, विहीणबाई! न्हायला काढली व्हती का जीपला?" अनसाबाई म्हणाली.

हौसा नवऱ्याकडे वळली. "तुमी जावा, पोरीला गाडीत बसवा. हिकडचं मी बगते."

"बरं."

गेणूने रंजनाला हात धरून बसवलं, पाठीशी उशी दिली, गाठोडं चढवलं. इकडे दोघी विहिणी एकमेकींच्या सात पिढ्यांपर्यंत पोचल्या होत्या, तेवढ्यात जीप घुर्र झाली.

"अवो!" हौसा धावली. "अवो, मी ऱ्हायले की!"

जीप उतारावर गेली होती. मागे बसलेली रंजना तोंडात पदर कोंबून हसत होती. खालून गेणूचा आवाज आला, "जुनं हितंच सोडायचं, नवं घिऊन निघायचं! समदं ध्येनात हाय माझ्या!"

धूळ खाली बसली. अनसाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गेली माझी सून! पयलं बाळंतपण ह्याच घरात व्हनार म्हणून मी साऱ्या वाडीला सांगून बसलीया. आता लोकांस्नी काय सांगू?"

हौसाने चपला काढल्या. ती सरळ आतल्या खोलीत गेली, सुनेसाठी मांडून ठेवलेल्या बाजेवर आडवी झाली आणि म्हणाली, "शेगडी पेटवा, विहीणबाई, आन् डिंकाचं लाडू आणा, तुमच्या घरातलं बाळंतपण आता माझंच करा!"